कात्री स्वीप का बसत नाही: तालमीतून मॅटवर आलेल्या पोराला उत्तर

प्रश्न असा आहे: "सर, मी खानापूर तालुक्यातला. सहा वर्षं तालमीत घालवली, गावोगावच्या जत्रांत कुस्त्या केल्या. आता नोकरीसाठी बेळगावात असतो आणि चार महिन्यांपासून ब्राझिलियन जिउ-जित्सू शिकतोय. वर असलो की माझं बरं चालतं. पण खाली गार्डमध्ये असलो की कात्री स्वीप काही केल्या बसत नाही. पायात ताकद भरपूर आहे, तरी समोरचा हलत नाही. उलट माझाच गुडघा दाबून तो बाजूनं निघून जातो. चूक कुठं होतेय?"

नवख्या वाचकासाठी आधी दोन शब्द: गार्ड म्हणजे खाली राहून समोरच्याला पायांनी अडवून लढणं, आणि स्वीप म्हणजे तिथून त्याला उलथवून आपण वर येणं; कात्री स्वीपमध्ये ते दोन्ही पाय कात्रीसारखे उलट दिशांना नेऊन करतात. तू लिहिलंयस त्यावरून दोन गोष्टी मला दिसतात. एक, तू सपाट पाठीवर पडून पाय मारतोयस. दोन, तू पाय मारतोस तेव्हा समोरचा आपल्या टाचांवर निवांत बसलेला असतो. एवढं असलं की पायात कितीही ताकद असू दे, स्वीप होत नाही. आणि यातली पहिली चूक तालमीतून येणाऱ्या पोरांचीच जास्त असते, म्हणून आधी तिच्याबद्दल बोलतो.

तालमीत तुला पहिल्या दिवसापासून एकच शिकवलं: पाठ लागली की कुस्ती गेली. दोन्ही खांदे मातीला टेकले की चितपट, मग हलगी समोरच्याची वाजणार. ते अंगात इतकं मुरतं की पडता पडताही पैलवान आपोआप पालथा होतो. मग मॅटवर आल्यावर सर सांगतात, इथं पाठीवर पडलास तरी हार नाही, घाबरू नको. ते खरंच आहे. जिगोरो कानोंनी १८८२ मध्ये जपानात कोदोकान जुदो सुरू केलं, त्यांच्या परंपरेतले मित्सुयो माएदा १९१४ मध्ये ब्राझीलला पोचले, त्यांच्याकडून ही विद्या ग्रेसी घराण्यात गेली. तिथं अंगानं किरकोळ असलेल्या हेलिओ ग्रेसींसारख्यांनी खालून लढण्याची बाजू वाढवत नेली. पाठ टेकण्यानं निकाल लागत नाही, निकाल लागतो समोरच्यानं टॅप केल्यावर, म्हणजे हातानं थोपटून हार मानल्यावर, असा नियम असला की खाली पडलेल्या माणसाच्या हातात बराच वेळ उरतो. गार्ड त्या वेळेतून वाढला.

पण "घाबरू नको" हे ऐकून पैलवान काय करतो? अंग सैल सोडून सरळ उताणा पडतो. दोन्ही खांदे मॅटवर, कंबर मॅटवर, डोकंसुद्धा मॅटवर. आणि तिथंच अडकतो. म्हणून माझ्याकडे तालमीतून येणाऱ्या प्रत्येकाला मी उलट सांगतो: तुझी जुनी भीती टाकू नकोस. दोन्ही खांदे टेकू द्यायचे नाहीत, हे इथंही पाळ. फरक एवढाच की तिथं तू पालथा व्हायचास, इथं कुशीवर व्हायचं. पालथा झालास तर समोरचा पाठीवर चढेल. त्याला चार गुण मिळतील आणि गळाही त्याच्या हाती जाईल. कुशीवर राहिलास तर तुझी कंबर मोकळी राहते, आणि कंबर मोकळी असली तरच पाय काम करतात.

मी हे फार उशिरा शिकलो. मीही तालमीतलाच, आनंदवाडीच्या आखाड्यातल्या कुस्त्या बघत वाढलेला. मी सुरुवात केली तेव्हा बेळगावात शिकवणारं कुणी मला माहीत नव्हतं. शनिवारी दुपारी मोटारसायकल काढायची, चोर्ला घाटातून गोव्यात उतरायचं, रविवारी संध्याकाळी परत. तिथं एक मुलगी होती, वजन जेमतेम पंचावन्न किलो. माझं तेव्हा ब्याऐंशी. पहिल्या दिवशी एका राउंडमध्ये तिनं मला तीनदा उलथवलं, तिन्ही वेळा याच कात्रीनं. मला वाटलं हिच्या पायात काहीतरी वेगळंच बळ आहे. नंतर मी मॅटच्या कडेला बसून तिला दुसऱ्यांबरोबर खेळताना बघत राहिलो. ती पाय मारण्याआधी प्रत्येक वेळी कंबर वीतभर बाजूला सरकवायची आणि समोरच्याला स्वतःच्या अंगावर ओढून घ्यायची. तो तिच्या डोक्याच्या दिशेनं झुकला की मगच पाय हलायचे. पाय हलले तेव्हा तो आधीच पडायला लागलेला असायचा.

आता सगळं सावकाश घेऊ. तू उजव्या पायानं कात्री मारतोयस असं धरतो. डावखुरा असलास तर सगळं उलटं कर.

समोरचा तुझ्या बंद गार्डमध्ये, म्हणजे तुझ्या पायांच्या त्याच्या कमरेमागे घातलेल्या विळख्यात, गुडघ्यांवर आहे. तुझ्या डाव्या हातानं त्याची उजवी बाही धर, मनगटाजवळ, कापडाची बाहेरून घडी मुठीत घेऊन. बाहीच्या तोंडातून आत बोटं घालायची नाहीत. स्पर्धेत ते नियमाबाहेर आहे, आणि बोटं मुरगळतात ती वेगळीच. उजव्या हातानं त्याची उजवी कॉलर धर, म्हणजे तुझा हात त्याच्या छातीवरून आडवा जाईल. चार बोटं कॉलरच्या आत, अंगठा बाहेर, मूठ गळ्याच्या हाडाच्या उंचीला. त्याहून खाली, छातीवर धरलंस तर ओढल्यावर नुसतं कापड येतं, माणूस येत नाही.

आता गार्ड उघड, डावं पाऊल मॅटवर टेक आणि कंबर उजवीकडे सरकव. एवढ्यानं तू आपोआप डाव्या कुशीवर येशील. उजवा खांदा मॅटवरून सुटलेला हवा. तो सुटला नसेल तर पुढं जाऊच नको, परत सरक. उजव्या पायाची नडगी त्याच्या पोटावर आडवी येते: गुडघा त्याच्या उजव्या बाजूकडे, पाऊल त्याच्या डाव्या कमरेला बाहेरून अडकलेलं. पाऊल लुळं ठेवू नको, पंजा ताठ करून आकड्यासारखं लाव. डावा पाय मॅटवर आडवा पडलेला, त्याच्या उजव्या गुडघ्याला बाहेरून लागून. अगदी मॅटला चिकटलेला.

इथवर बहुतेक जण बरोबर येतात. पुढचा अर्धा सेकंद चुकतो.

दोन्ही हातांनी त्याला तुझ्या डोक्याकडे ओढ. खाली छातीकडे ओढू नको, डोक्याच्या मागच्या भिंतीकडे ओढतोयस असं समज. त्याची बैठक टाचांवरून उठली पाहिजे. उठली की त्याचं वजन तुझ्या उजव्या नडगीवर येतं, आणि ते तुला स्पष्ट कळतं. नडगीवर वजन आलं नाही तर पाय मारायचा नाही. हा एक नियम पाळलास तरी तुझं निम्मं काम होईल.

रविवार पेठेत कधी सकाळी लवकर जाऊन हमालांना बघ. पन्नास किलोचं तांदळाचं पोतं जमिनीवर चपट उभं आहे. नवीन पोरगा ते तसंच मिठी मारून उचलायला बघतो, पोतं जागचं हलत नाही. जुना हमाल आधी पोत्याचे वरचे दोन कान धरतो, पोतं स्वतःकडे कलतं करतो. ते एका कोपऱ्यावर आलं की खालून गुडघ्याचा हलका रेटा देतो आणि पोतं वळून पाठीवर जातं. पन्नास किलो त्यानं नुसत्या हातांच्या ताकदीवर उचललेले नसतात. कात्री स्वीपमध्ये बाही आणि कॉलर हे तुझे दोन कान. कलतं कर, एका कोपऱ्यावर आण, मग पाय.

तो कोपरा कुठला, तर त्याचा उजवा. त्याचा उजवा हात तुझ्या डाव्या मुठीत आहे, म्हणून त्याला त्या बाजूला हात टेकता येत नाही. त्याचा उजवा गुडघा तुझ्या डाव्या पायानं अडवलाय, म्हणून त्याला तो गुडघा रुंद टाकता येत नाही. माणूस पडताना दोनच गोष्टींवर सावरतो, हातावर नाहीतर गुडघ्यावर, आणि त्या बाजूच्या दोन्ही तू आधीच काढून घेतल्यास. आता उजवा पाय डावीकडे जातो, डावा पाय उजवीकडे, दोन्ही एकाच वेळी, कात्रीच्या पात्यांसारखे. उजवा पाय त्याच्या वरच्या अंगाला नेतो, डावा खालून आधार ओढतो. पैलवानाला हे समजायला अवघड नाही. टांग मारताना तूही वर एका दिशेला आणि खाली उलट्या दिशेला जोर देतोस. तीच गोष्ट बसल्या जागी आहे.

डाव्या पायाबद्दल एक गंभीर सूचना. हा पाय मॅटवरून ओढायचा आहे, त्याच्या गुडघ्यावर लाथ मारायची नाही. पाय मॅटपासून वीतभर वर असेल आणि तू बाजूनं जोरात हाणलास, तर सगळा मार त्याच्या गुडघ्याच्या आतल्या बांधणीवर जातो. अशा घाईनं गुडघा दुखावून दोन महिने घरी बसलेला पोरगा मी माझ्या डोळ्यांनी बघितलाय. हाणणारा त्याचा दोस्तच होता, मनात काहीच वाईट नव्हतं, नुसता जोर होता. तुझ्या पायात ताकद भरपूर आहे असं तू स्वतःच लिहिलंयस. म्हणून तुला हे दोनदा सांगतो: पोटरी मॅटला घासत गेली पाहिजे.

तो पडला की थांबू नको. दोन्ही पकडी तशाच ठेव, त्याच्या पडण्यानंच तू ओढला जाऊन वर येशील. वर आलास की थेट माउंटमध्ये, म्हणजे त्याच्या पोटावर स्वार होऊन, बसशील, बाही अजून हातात, कॉलरही हातात. बरीच मुलं या क्षणी आनंदात बाही सोडतात आणि खालचा हात मोकळा करून निसटतो. जिउ-जित्सूच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या नियमांत स्वीपचे २ गुण आणि माउंटचे ४. म्हणजे एका नीट बसलेल्या कात्रीतून ६ गुण होतात, पण वरची जागा तीन सेकंद टिकवली तर. व्हाइट बेल्टचा, म्हणजे नवशिक्यांचा, सामना पाच मिनिटांचा असतो, त्यात सहा गुण भरून काढणं समोरच्याला जड जातं. शिवाय वर बसून टिकणं हे तुझं जुनं घर आहे. कब्जा घेऊन वजन टाकायला तुला कुणी शिकवायला नको.

तुझा दुसरा त्रास, गुडघा दाबून तो बाजूनं निघून जातो, त्याचं उत्तर नडगीत आहे. तुझी नडगी फार खाली, त्याच्या मांडीजवळ येत असणार. तिथं असली की तो हातानं तुझा गुडघा सहज दाबतो. नडगी पोटाच्या वरच्या भागात, बरगड्या सुरू होतात तिथं ठेव आणि कॉलर ओढून त्याला नडगीवर घट्ट धर. ओढ आणि नडगी यांच्यामध्ये तो सापडलेला असला पाहिजे. मध्ये फट राहिली की तिथून दाबायला त्याला जागा मिळते. आणि तुझा उजवा कोपर तुझ्या उजव्या गुडघ्यापासून लांब जाऊ देऊ नको. या दोघांमधल्या मोकळ्या जागेतूनच समोरचा तुला पार करतो.

एवढं सगळं नीट करूनही चांगला खेळाडू पडणार नाही. तो दोनपैकी एक गोष्ट करेल.

पहिली, तो उजवा गुडघा लांब टाकून बैठक रुंद करेल. मग तुझा डावा पाय ओढून काही निघत नाही. अशा वेळी कात्री सोड, डावं पाऊल उचलून त्याच्या उजव्या गुडघ्याच्या वर, मांडीच्या टोकाला लाव आणि गुडघा सरळ मागे ढकल. पाय त्याच्या अंगाखालून मागे जातो, तो पोटावर यायला लागतो, आणि त्याच वेळी उजव्या पायानं त्याला त्याच बाजूला लोळव. पकडी त्याच, दिशा तीच, बदललं फक्त पावलाचं काम. मी शिकवताना हे दोन स्वीप वेगळे शिकवतच नाही.

दुसरी, आणि हीच जास्त वेळा घडते: तू ओढशील तेव्हा तो अंग मागे घेईल, पाठ ताठ करून टाचांवर बसेल. तालमीत गुरुजींनी तुला सांगितलंच असेल, समोरचा मागे ओढतोय तर त्याच्याबरोबर मागेच जा. मग ओढणं सोड आणि उठून बस. डावा हात मागे मॅटवर टेक, उजवा हात त्याच्या उजव्या खांद्यावरून टाकून दंड काखेत घट्ट धर, आणि कमरेनं त्याला धक्का दे, तिरका, तुझ्या डाव्या खांद्याच्या दिशेनं वळत. याला हिप बम्प म्हणतात. इथं त्याचा उजवा हात अडकलेला असतो, म्हणून पडत्या बाजूला त्याला तो टेकता येत नाही. तो सावरायला धडपडत तो उजवा हातच मॅटवर टेकायला बघेल, तर ते मनगट तुझ्यासमोर येतं. किमुरा, म्हणजे हात पिळून खांद्यावर ताण देणारी पकड, तिथूनच लागतो. मासाहिको किमुरांनी १९५१ मध्ये रिओत हेलिओ ग्रेसींना याच पकडीत हरवलं, आणि पुढं ब्राझिलियन जिउ-जित्सूतच या पकडीला किमुरांचं नाव पडलं. हरवणाऱ्याचं नाव जपणारी ही रीत मला फार आवडते. आपल्याकडेही एखाद्या वस्तादाचा ठेवणीतला डाव पुढची पन्नास वर्षं त्याच्याच नावानं ओळखला जातो.

मॅटवर गी, म्हणजे बाह्या-कॉलरचा जाड सरावाचा पोशाख, नसेल, नुसत्या रॅशगार्डमध्ये, म्हणजे अंगाला चिकटणाऱ्या बनियनसारख्या कपड्यात, खेळत असाल, तर बाहीऐवजी मनगट आणि कॉलरऐवजी मानेमागे हात. ही पकड तुला जन्मापासून येते. फक्त घामानं मनगट निसटतं, म्हणून ओढ आणि पाय यांच्यात थांबायला तिथं वेळ मिळत नाही.

सरावाचं म्हणशील तर आधी कंबर सरकवणं. जोर, बैठका, सपाटे तू हजारांनी मारले असशील, मानेच्या पुलावर तर तू माझ्याहून जास्त वेळ उभा राहशील. पण कुशीवर होऊन कंबर मागे सरकवण्याचा व्यायाम आपल्या तालमीत नाही, कारण तिथं त्याची गरजच पडत नाही. रोज मॅटच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, जाताना एका कुशीवर, येताना दुसऱ्या, चार फेऱ्या. महिनाभर कर. घरी सतरंजीवर केलंस तरी चालेल.

मग जोडीदाराला घेऊन कात्री, पण पाय न मारता. फक्त पकड, सरकणं, नडगी, ओढ. त्याची बैठक टाचांवरून उठली की थांब, परत सुरुवात. असं वीस वेळा झालं की पाच वेळा पूर्ण उलथव. जोडीदाराला सांग की पहिल्या आठवड्यात विरोध करू नको, दुसऱ्या आठवड्यात फक्त मागे बसायचा प्रयत्न कर, तिसऱ्यात फक्त गुडघा रुंद टाक. त्यानं दोन्ही एकदम केलं तर तुला यातलं काहीच शिकायला मिळणार नाही. आणि जोडीदार स्वतःपेक्षा जड घे. हलक्यावर नुसत्या ताकदीनं स्वीप होतो, आणि चूक झाकली जाते.

शेवटी कपड्यांचं, कारण आता जून येईल. बेळगावच्या पावसात गी तीन-तीन दिवस वाळत नाही. दमट गी परत अंगात घातलीस की नायटा झालाच म्हणून समज, आणि तो एकट्या तुला होत नाही, सगळ्या मॅटला होतो. तालमीतल्या मातीत तेल, ताक, हळद, लिंबू घालतात, रोज खणून उलटीपालटी करतात. मॅटला ती सोय नाही, तिथं पुसणं आणि स्वच्छ कपडे एवढंच हातात असतं. दोन गी ठेव. एकच असेल तर पंख्याखाली बाह्या उलट्या करून वाळव आणि ती ओली असेल त्या दिवशी बिनगीच्या क्लासला जा. नखं मात्र आठवड्यातून दोनदा काप, कॉलरमध्ये हात घालताना समोरच्याच्या गळ्यावर ओरखडे उठतात.

पुढच्या वेळी स्वीप फसला की फोनवर व्हिडिओ काढून घे, बाजूनं, मॅटच्या उंचीवर फोन ठेवून. पाय मारण्याच्या क्षणाला थांबव आणि दोनच जागा बघ: तुझा उजवा खांदा, आणि त्याच्या टाचा व बैठक यांच्यातली फट. त्यानंतर मला लिही.